एकाआड एक शनिवार

पोर्वेनिरची फेरी येते पावणेपाचला,
म्हणजे वारा म्हणेल तेव्हा.
मी चारपासूनच पुंता अरेनासच्या धक्क्यावर,
खिशात फडक्यात गुंडाळलेलं हाडूक.

मेंढ्यांचा ट्रक उतरतो, दोन शिक्षिका उतरतात,
कुणाचं तरी वॉशिंग मशीन.
सगळ्यात शेवटी खलाशी ओहेदा
दोरी माझ्या हातात देतो.
'घ्या तुमचं टपाल.' दर वेळी हेच.
त्रापो शेपटी हलवतो,
आधी ओहेदासाठी, मग माझ्यासाठी.

भांडी तू नेलीस, नेलिदा, स्टोव्ह मी ठेवला.
लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याच्या घरात
तेवढा एक नीट पेटत नाही अजून.
कुत्र्याचं काय, विचारलं तर वकील म्हणाला,
त्याच्यासाठी अर्जात रकानाच नाही.
आपण दोघं हसलो होतो तेव्हा.
त्या वर्षातलं ते एकच हसणं,
आणि त्याचीही फी भरली.

घरी आल्यावर मी त्याचे पाय पुसत नाही.
गुडघ्यांवर बसतो, मानेत नाक खुपसतो.
ओल्या लाकडाचा धूर.
कांदा. एम्पानादा तू अजून शनिवारीच भरून ठेवतेस.
साबण नवा. जुना कुठला होता
ते मला सांगता येणार नाही, पण हा नवा.
अशी तुझी खबर वाचतो मी,
कुत्रं खांब वाचतं तशी.

आज पट्ट्याची गाठ निराळी होती.

तुला गाठ कधी जमलीच नाही.
बुटाची नाडी दोनदा गुंडाळून आत खोचायचीस,
चौकात सुटायचीच.
वाऱ्यानं अख्खं गाव तिरपं,
नगरपालिकेनं कोपऱ्यावर ताणलेल्या दोराला
टोप्या सांभाळत लटकलेली माणसं,
आणि मी भर रस्त्यात तुझ्या पायाशी.
मला वाटायचं, हे काम जन्मभराचं.

ही गाठ कुणीतरी बसून बांधलेली.
दोन वेढे, एक फास, टोक आत वळवलेलं.
ओढली तर आवळते,
मागे ढकलली की बिनबोभाट सुटते.
हात मोठे असावेत. घाई नसलेले.
'तू बांधलीस का रे?' ओहेदाला विचारलं होतं धक्क्यावर.
तो सामुद्रधुनीकडे बघत म्हणाला,
'वारा वाढतोय.'

आपली गाठ पडली होती, नेलिदा,
तुझ्या आईचा हीटर विझला त्या रात्री.
पडली होती. बांधायचं
तिथंच राहून गेलं.

त्रापो झोपतो तुझ्या बाजूला.
उशी नाही तिथं, तरी तिथंच.
अकरा वर्षांचा झाला, पलंगावर उचलून ठेवावा लागतो.
फेरीचा जिनाही ओहेदाच्या काखेतूनच चढतो म्हणे.
मी हिशेब करायचा नाही ठरवतो
आणि तो अंधारात होऊन बसतो:
अजून किती शनिवार,
त्यातले निम्मे तुझे.
नंतर आपल्या दोघांत
जा-ये करायला पाणी तेवढं उरेल.

रविवारी सकाळी ती गाठ खुर्चीच्या पायाला मारून बघितली.
सहा वेळा निरगाठ झाली, सुरीनं कापावी लागली दोनदा.
सातव्यांदा बसली.
दुपारी तशीच बांधून पाठवली त्याला,
अगदी तशीच. सोडली होती, हे त्या हातांना
कळायचं कारण नाही.

पण निघायच्या आधी तासभर
त्याला माझ्या कामाच्या स्वेटरवर झोपवलं.
मानेखाली बाही सरकवली.
तू नाक खुपसतेस की नाही, मला माहीत नाही.
रॉकेलचा वास
तीन पाण्यांनी धुतला तरी जात नाही,
तूच म्हणायचीस.